उजवीकडचा उंदीर

४ फेब्रुवारी

आमच्या ह्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं आहे. काल सूनबाईंनी मला त्यातलं थोडं वाचून दाखवलं. पस्तिसाव्या पानावर मी लग्न होऊन घरात येते, छत्तिसाव्या पानावर चहा आणते, आणि मग जी स्वयंपाकघरात जाते ती पुन्हा बाहेर येतच नाही. मी म्हटलं, "अगं, पुढे बघ. कप उचलायला तरी आले असेन." सूनबाईंनी पानं उलटली. नाही. कपसुद्धा ह्यांच्या एका विद्यार्थ्याने उचलला.

तेव्हाच ठरवलं, आपलीही एक वही असावी. मला लिहिता-वाचता येत नाही, पण बोलता येतं, आणि बोलण्यात मी ह्यांना आजवर हार गेलेले नाही. सूनबाई शाळेतून शिकवून आल्या की मी सांगायचं, त्यांनी लिहायचं. जसं सांगेन तसंच लिहायचं आणि कुणाला दाखवायचं नाही. "बरं, आई," असं त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की वहीची बातमी शेजारीही गेली असेल. लग्न होऊन आली तेव्हा किती हळू बोलायची ही पोर! शाळेत पोरांवर ओरडून ओरडून घशाचं हे असं झालं.

आता मुद्द्याचं लिही. हे पियानोचे प्रोफेसर. आयुष्यभर कॉलेजात दुसऱ्यांच्या मुलांना पियानो शिकवला आणि घरी येऊन स्वतःच्या रचना केल्या. आता कॉलेजने ह्यांचं सगळं काम एका खोलीत जपून ठेवायचं ठरवलं आहे. त्या खोलीला अभिलेखागार म्हणतात. हा शब्द सूनबाईंना मला तीनदा सांगावा लागला. शब्दच तसला आहे, तोंडात न मावणारा. कागद जाणार, आणि कागदांमागून एप्रिलच्या सुरुवातीला पियानोही जाणार. त्याच्याभोवती दोरी बांधून ठेवणार म्हणे, कुणी हात लावू नये म्हणून.

माझी काही हरकत नाही. समोरच्या खोलीची एकुलती एक मोठी खिडकी ह्या पियानोने आम्ही ह्या घरात राहायला आल्यापासून अडवली आहे. मला तिथे एक खुर्ची टाकायची आहे आणि रस्त्याकडे बघत बसायचं आहे. एवढीच माझी इच्छा. हे मात्र गप्प आहेत. पाटीवर स्वतःचं नाव दिसलं की चष्मा पुसून पुन्हा वाचणारा माणूस, पण पियानो द्यायचा विषय निघाला की पेपरात तोंड घालतो.

११ फेब्रुवारी

कॉलेजातून एक मुलगी आली. ह्यांचे कागद लावणं हे तिचं काम. बसल्याबरोबर तिने पर्समधून पांढरे हातमोजे काढून घातले. मी विचारलं, "थंडी वाजते का गं?" तर म्हणे जुन्या कागदांना हाताचा घाम लागू नये म्हणून. ज्या कागदांवर ह्यांनी जन्मभर चहा सांडला, त्यांना आता घाम सोसवत नाही! मी तिचं नाव हातमोजेवाली ठेवलं. तिला सांगितलंही. हसली. पोरगी चांगली आहे.

कपाट उघडल्यावर खोलीभर कागद झाले. मला ते सगळे सारखेच दिसतात. पाच दोऱ्या आणि त्यावर वाळत घातलेले मोजे, हेच म्हणे ह्यांचे लिहिलेले सूर. लग्नानंतर ह्यांनी मला आधी अक्षरं शिकवून बघितली, मग हे मोजे. दोन्ही वेळा भांडण झालं आणि दोन्ही वेळा मी जिंकले.

हातमोजेवाली एकेक कागद उचलून म्हणायची, "रचना क्रमांक नऊ." मला आकड्यावरून काय कळणार? मी ह्यांना म्हणायचे, जरा वाजवून दाखवा. दोन ओळी वाजल्या की मी सांगायचे, "हा जिना. हे आपलं भांडण. ह्या सासूबाई, कंबर धरून उठतायत."

"ती अत्यंत गंभीर रचना आहे," हे म्हणाले.

"सासूबाई काय कमी गंभीर होत्या?"

मग हातमोजेवाली फोन आला म्हणून बाहेर गेली आणि मी ह्यांना म्हटलं, "अहो, उंदीर वाजवा ना."

उंदराचं सांगायला हवं. लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही एका भाड्याच्या खोलीत राहत होतो. तिथे एक उंदीर बरोबर जेवायच्या वेळेला फळीवरून धावायचा. मी स्टुलावर चढून किंचाळायचे. दुसऱ्या कुणाचा नवरा झाडू घेऊन धावला असता. माझा नवरा पियानोवर बसला आणि उंदराची चाल वाजवायला लागला. मधल्या पट्ट्यांवरून सुरू होतो, तुरूतुरू उजवीकडे पळतो, थांबतो, वास घेतो, पुन्हा पळतो, आणि अगदी शेवटच्या पट्टीवर एकच बारीकसं 'चूं'. त्या 'चूं'ला जिथे वाजवलं तिथे लोक हसले आहेत. कॉलेजच्या हिशेबी ती रचना क्रमांक दोन. ह्यांनी मला स्वतःहून दिलेली ती एकच भेट, आणि तोही उंदीर.

आज ह्यांनी वाजवला. बोटं पळाली उजवीकडे, पण उंदीर मधेच कुठे गेला कोण जाणे. त्या टोकाच्या पट्ट्या पार मेल्या आहेत, नुसतं लाकडावर टकटक. आमचं मांजर तेवढं कान टवकारून त्या मुक्या पट्ट्यांकडे टक लावून बघत होतं. मांजर मूर्ख आहे.

"बिघडलाय हो," मी म्हटलं.

"जुना झालाय," हे म्हणाले, आणि झाकण लावून टाकलं.

२० फेब्रुवारी

ट्यूनर आला होता. हा माणूस वर्षानुवर्षं येतो, डावीकडचे सूर लावतो, चहा पितो आणि जातो. आज मी त्याच्या पाठीशी उभीच राहिले. म्हटलं, "आज उजवी बाजू बघायची. कॉलेजात जाणार आहे, तिथे आमची शोभा नको."

त्याने ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी छताकडे बघितलं. मग हे त्याला हाताला धरून दाराबाहेर घेऊन गेले. तिथे दोघं बोलत होते, पण इतक्या हळू की मला एक अक्षर कळलं नाही. पुरुष कुजबुजायला लागले की समजावं, काहीतरी लपवतायत. परत आला तेव्हा ट्यूनर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आजी, ती बाजू गेली. मी तिकडे हातच लावत नाही."

"मी हेच सांगतेय!" मी म्हटलं. "सगळ्यात आधी कुणी सांगितलं होतं? मी."

हे खरं आहे. चार-पाच वर्षं झाली असतील. मी भांडी घासत होते आणि हे वाजवत होते. मी आतून बाहेर आले आणि म्हटलं, "उजवीकडचा आवाज येत नाही हो." हे बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग एकेक पट्टी दाबून विचारायला लागले, "ही? आणि ही?" मी नाही, नाही म्हणत गेले. शेवटी म्हणाले, "खरंच गं. बिघडलाय." पियानोतलं मला जास्त कळतं हे त्यांनी कबूल केलेला तो एकमेव दिवस.

तेव्हापासून हे पियानोच्या बाकड्याच्या डाव्या टोकाला बसतात. उजव्या टोकाला मांजर झोपतं. जिथे मांजर झोपतं तिथे उंदीर येणार कसा?

ट्यूनरने चहा घेतला, पण माझ्या डोळ्याला डोळा देईना. साखर विसरले असेन.

२ मार्च

आज मनातलं सांगते, नीट लिही. ह्यांचे कान गेले आहेत. संगीताच्या प्रोफेसराचे कान जावेत, ह्याहून वाईट काय? मी आतून हाक मारते, "अहो, दिवा घालवा." उत्तर नाही. पुन्हा मारते. नाही. तिसऱ्यांदा ओला हात पुसत बाहेर येऊन बघते तर दिवा घालवलेला आणि हे अंधारात माझ्याकडे बघत बसलेले. ऐकू आलं तर ओ द्यायला काय होतं?

गेल्या वर्षी चिरंजीवांनी एक छोटी डबी आणली. कानात घालायचं मशीन. टेबलावर ठेवलं आणि उभा राहिला. कुणासाठी ते सांगेना. बायकोकडे बघतो, बापाकडे बघतो. शेवटी मीच सोडवलं त्याला. म्हटलं, "बरं केलंस, बाबांना हवंच होतं." मग ह्यांनी निमूट उचललं आणि कानात घातलं. आठवडाभर घरात चमचा पडला की हे खुर्चीतून उडायचे. दाराची कडी वाजली की छातीवर हात. आठवड्याने काढलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. नव्या गोष्टींची सवय करून घ्यायची म्हणून नाही ह्या माणसाला.

(इथे मला खोकला आला म्हणून थोडा वेळ लेखन थांबलं. — सूनबाई)

खोकला नव्हता. हसत होती. सासऱ्यांच्या कानांना हसू नये, वय झालं की होतं. हेही लिही.

१२ मार्च

हातमोजेवालीने ह्यांच्यावर निबंध लिहिला आहे. पुस्तक होणार त्याचं, आणि अभिलेखागाराच्या उद्घाटनाला ती तो वाचणार. आज आमच्यासमोर वाचला. चांगली तोंडासमोर बसून, खणखणीत वाचला, म्हणून कळला तरी.

तिचं म्हणणं असं की गेली काही वर्षं सरांनी पियानोची उजवी बाजू सोडून दिली आहे. सगळ्या रचना डावीकडे, खोल, खर्जातल्या. ह्याचा अर्थ, सर प्रकाशाकडून अंधाराकडे उतरत आहेत. आयुष्याच्या संध्याकाळी त्यांनी उंच स्वरांचा त्याग केला आहे. हा शब्द तिने दोनदा वापरला, त्याग. मी ह्यांच्याकडे बघितलं. ज्या माणसाला जेवणानंतरचा गोड घास सुटत नाही, तो त्याग करतो म्हणे.

"पियानो बिघडलाय म्हणून," असं मी सांगणारच होते, पण ह्यांनी माझा हात दाबला. बरोबर आहे. पोरगी इतकी मेहनत करून त्यागापर्यंत पोचली, तिला उगाच खाली कशाला ओढायचं?

मला विचारशील तर त्या डावीकडच्या गोष्टींना त्याग वगैरे काही वाटत नाही. जड कपाट एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे सरकवावं तसा आवाज. मी त्या सगळ्यांना मिळून 'कपाट' म्हणते. पण एक सांगते, ऐकू फार स्वच्छ येतं. संध्याकाळी मी आत असले की हे वाजवायला बसतात, आणि ते कपाट फरशीतून येतं, तळपायातून वर चढतं, पोटात जाऊन बसतं. परवा भाजी चिरता चिरता माझी मान डोलायला लागली. हे दारातून बघत होते की काय कोण जाणे. स्वयंपाकघराचं दार मी लावलं की हे उठून उघडतात. वारा हवा असतो म्हणे. पियानोवर बसून ह्यांना कसला एवढा वारा लागतो?

हातमोजेवालीने शेवटची रचना मागितली, जी अजून चालू आहे ती. हे म्हणाले, "ती नाही. ती पुरी झालेली नाही."

"कधी होईल, सर?"

"जिच्यासाठी आहे तिला आवडली की."

हातमोजेवालीने पेन काढून लिहून घेतलं. मला वाटतं, संगीताच्या देवीबद्दल बोलत असावेत. मोठी माणसं असंच बोलतात.

१८ मार्च

आज भांडण झालं. रचना क्रमांक कितीतरी.

"पियानो राहू दे," हे म्हणाले. "कागद नेऊ दे त्यांना."

"आणि माझी खिडकी?"

"खिडकीतून काय बघणार आहेस?"

"माणसं."

"माणसांत काय बघायचंय?"

"तुम्ही सोडून कुणीही."

मग म्हणाले, "पियानो गेला तर संध्याकाळी ऐकशील काय?"

"शांतता," मी म्हटलं. "लग्नात सगळं दिलंत, तेवढी द्यायची राहिली होती."

मला वाटलं, उलटून काहीतरी बोलतील. ह्यांनी नुसती मान हलवली, हातमोजेवालीने ठेवलेल्या कागदावर सही केली, आणि चप्पल घालून बाहेर गेले. जिंकले मी. संध्याकाळी कपाट वाजलं नाही. शांतता होती, मागितली तशी. भाजीत मीठ दोनदा पडलं.

२९ मार्च

उद्घाटन झालं. आज जास्त सांगणार नाही.

मोठा हॉल. आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं, मला ह्यांच्या शेजारी, बोटं दिसतील अशा बाजूला. हातमोजेवाली आज हातमोज्यांशिवाय होती, मी क्षणभर ओळखलंच नाही. माइकवरून त्यागाचं सगळं सांगितलं. लोकांनी माना हलवल्या. मग म्हणाली की आता एक विद्यार्थिनी सरांची सुरुवातीची एक रचना वाजवेल, क्रमांक दोन.

दोन वेण्यांची एक मुलगी येऊन बसली. पियानो कॉलेजचा, नवा कोरा, आरशासारखा चकचकीत. मी ह्यांना कोपर मारलं, म्हटलं, "आता ऐका खरा उंदीर."

उंदीर निघाला. मधून निघाला, उजवीकडे वळला. मी पुढे सरकून बसले. आणि तो पातळ होत गेला, होत गेला, आणि गेला. मुलीची बोटं पळतच होती. थांबली, वास घेतला, पुन्हा पळाली. मला फक्त बोटं दिसत होती. मी पियानोकडे बघितलं. नवा होता. शेवटी तिने करंगळी उचलून अगदी टोकाच्या पट्टीवर ठेवली, आणि अख्खा हॉल हसला.

मी नाही हसले. मी ह्यांच्याकडे वळले. हे स्टेजकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.

मग मीही हसले. जरा उशिरा.

बास. मीट वही.

३१ मार्च

सूनबाईंनी विचारलं, काल का नाही सांगितलंत. काल मी विचार करत होते. मला ती सवय नाही, त्यामुळे वेळ लागला.

तू इतकी वर्षं माझ्याशी ओरडून बोलतेस ती शाळेमुळे नाही. हो म्हणू नकोस, नुसती मान हलव. ट्यूनरच्या चहात साखर होती. ते मशीन ह्यांच्यासाठी नव्हतं. चांगल्या कानांचा माणूस आठवडाभर कानात मशीन घालून चमच्याला दचकत बसला, कारण मी म्हटलं की ते त्याचं आहे. आणि मी आतून हाक मारायचे तेव्हा दर वेळी ओ येत होती. ह्या घरात सगळे मला उत्तरं देत होते आणि मी सगळ्यांना बहिरं ठरवत होते.

ते 'ही? आणि ही?' आठवलं. पट्ट्या नव्हते तपासत. मला तपासत होते. आणि त्यानंतर आपणहून उजवीकडे कधी गेलेच नाहीत. जिथे मला ऐकू येत नाही तिथे हा माणूस गेलाच नाही.

त्याग म्हणे. मूर्ख कुठला!

रडू नकोस, अक्षर पसरेल. ते 'मूर्ख कुठला' खोडू नकोस. आणि ह्यांना सांगू नकोस की मला कळलं. इतकी वर्षं त्यांनी मला फसवलं, आता थोडे दिवस माझी पाळी.

२ एप्रिल

पियानो न्यायला आज चार दांडगी माणसं दोर आणि घोंगड्या घेऊन आली. हातमोजेवाली हातमोज्यांसह हजर. नेण्याआधी कॉलेजला पियानो तपासून हवा होता म्हणून ट्यूनरलाही बोलावलेलं. हे खुर्चीत बसून पेपर वाचत होते. पेपर उलटा होता. मला अक्षर येत नाही, पण फोटोतला माणूस डोक्यावर उभा आहे एवढं कळतं.

माणसांनी दोर सोडवायला घेतले तशी मी पियानोपुढे जाऊन उभी राहिले.

"हा नेता येणार नाही," मी म्हटलं.

"का, आजी?" हातमोजेवाली म्हणाली. "सरांनी सही केलीय."

"बिघडलेला आहे. उजवी बाजू पार गेली. एवढ्या मोठ्या अभिलेखागारात मोडकी वस्तू ठेवाल? लोक काय म्हणतील? सरांनी कॉलेजच्या गळ्यात भंगार मारलं म्हणतील."

"बिघडलाय? सर, तुम्ही कधी बोलला नाहीत."

ह्यांनी पेपर खाली केला. माझ्याकडे बघितलं. मी डोळ्याची पापणी हलू दिली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की अशा वेळी चेहरा कसा ठेवायचा ते कळतं. ह्यांना किती कळलं, ते कळायला थोडा वेळ लागला. मग मिशीचं एक टोक हललं.

"पार गेलाय," हे म्हणाले. "हिने मला किती वर्षांपूर्वी सांगितलं होतं."

"विचारा ह्याला," मी ट्यूनरकडे बोट केलं.

ट्यूनरची स्थिती बघण्यासारखी होती. एकीकडे धंद्याची अब्रू, दुसरीकडे आम्ही दोघं. "चार-पाच वर्षं मी त्या बाजूला हात लावलेला नाही," तो म्हणाला. हे शंभर टक्के खरं होतं, म्हणून त्याला धड बोलता आलं.

हातमोजेवाली विचारात पडली. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "कागद ने, बाकडं ने, ह्यांचा जुना कोट ने. हवं तर मांजर ने." बाकडं म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. त्यावर सर बसायचे, म्हणून बाकड्याला महत्त्व आहे म्हणे. शेवटी चार दांडगी माणसं दोर आणि घोंगड्या लावून एक बाकडं घेऊन गेली. मांजर जागेवरून उठेना, त्याला उचलून बाजूला ठेवावं लागलं.

सगळे गेल्यावर हे म्हणाले, "आणि तुझी खिडकी?"

"पियानो हातभर सरकवा," मी म्हटलं. "कपाटं सरकवायचा तुम्हाला एवढा सराव आहे."

४ एप्रिल

ड्रॉवरमधून मशीन काढलं आणि कानात घातलं. सूनबाईंनी ते कानामागे कसं अडकवायचं दाखवलं.

आधी ऐकू आलं ते फ्रिज. हा इतकी वर्षं असा कण्हत होता? मग मांजराचं चाटणं. मग वरच्या मजल्यावरचं भांडण, ते मात्र अर्धंच आलं, पुढचं ऐकायला जिन्यात जावं लागलं. सूनबाई नेहमीसारख्या "आई!" म्हणाल्या आणि मी दोन फूट उडाले. म्हटलं, "हळू बोल गं, बहिरी आहे का मी?" आम्ही दोघी इतक्या हसलो की हे बघायला आले.

ह्यांनी माझा कान बघितला आणि पियानोपाशी गेले. बाकडं अभिलेखागारात गेल्यामुळे जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली, आणि बसले ते डाव्या टोकाला नाही, बरोबर मधोमध. मी माझी खुर्ची खिडकीत ओढली. पियानो हातभर सरकल्यामुळे मावते आता. ती खिडकी नेमकी पियानोच्या उजव्या अंगाला आहे, हे मला खुर्ची टाकल्यावर कळलं.

"उंदीर," मी म्हटलं.

उंदीर निघाला. मधून निघाला, उजवीकडे वळला, आणि ह्या वेळी गेला नाही. आला, अगदी माझ्या गुडघ्यापर्यंत आला. पण काय त्याची दशा! लंगडतोय, आपटतोय, तीन पायांवर धावतोय, वास घ्यायला थांबला तर शिंकतोय. आणि शेवटचं 'चूं' तर असं की कुणीतरी शेपटीवर पाय दिला. मांजर उठून चालतं झालं.

ह्यांचे हात तसेच पट्ट्यांवर राहिले. चार-पाच वर्षं ट्यूनरने हात न लावलेल्या पट्ट्या, दुसरं काय होणार? चेहरा असा झाला होता की वर्गातल्या सगळ्यात वाईट विद्यार्थ्याने वाजवावं आणि तो विद्यार्थी स्वतःच असावा.

मी किती वाट बघितली ह्या वाक्याची. डोळे पुसून घेतले आणि म्हटलं, "मी सांगत नव्हते? उजवी बाजू बिघडलीय."

७ एप्रिल

हातमोजेवालीचा फोन आला. रडवेली झाली होती. सरांनी शेवटची रचना पाठवली, पण तिच्यात उजवा हात घातला आहे! उंच स्वर आहेत, भरपूर आहेत, शेवटी तर एक 'चूं' आहे. तिचं पुस्तक छापायला गेलंय, त्यागाची दोन प्रकरणं आहेत त्यात. आता काय करू, आजी?

मी म्हटलं, "लिही, की सरांना पुन्हा भूक लागली."

फोनवर बोललेलं सगळं ऐकू आलं. तिचं नाक ओढणंही.

ह्यांनी आत्मचरित्राचं छत्तिसावं पान फाडलं आहे. नवीन लिहितायत. मी कुठपर्यंत बाहेर येते ते बघायचं. अजून चहा आणायलाच लावतायत, पण आता थांबून दोन शब्द बोलते म्हणे.

ट्यूनर उद्या येतोय. त्याला सांगून ठेवलंय, उंदराचे चारही पाय नीट लाव. कपाटाला मात्र हात लावू नकोस. ते जसं आहे तसं मला चांगलं ऐकू येतं.